जाळ्याच्या गोळ्यांची माळ

ताई गेली त्याला आता एक पावसाळा उलटून गेला. तिच्याबद्दल लिहायला बसलो की आधी तिचा चेहरा येत नाही, तिच्या अंगणवाडीची फरशी येते. भिगवणच्या अलीकडे, उजनीच्या पाण्याला लागून असलेल्या मासेमारांच्या वस्तीत ती एका खोलीची अंगणवाडी होती आणि ताई तिथली सेविका. लहानपणी मला मोजायला तिनेच शिकवलं होतं, चिंचोक्यांवर. मी पुढे रसायनशास्त्र शिकलो, बारामतीला नोकरीला लागलो. शाळांच्या, पाळणाघरांच्या, घरांच्या भिंतींत आणि धुळीत शिसं आहे का ते तपासायचं आणि अहवाल लिहायचा, हे माझं काम.

तिचा फोन आला तो याच कामासाठी.

"एक पोरगी सुकत चाललीय रे," ती म्हणाली. "पोट दुखतंय म्हणून रडती, जेवत न्हाय. डॉक्टरांनी रक्त पुण्याला पाठवलं, तर शिसं निघालं. लई निघालं. भिंतीच्या रंगातलंच असणार. जगाच्या शाळा बघत फिरतोस, माझी कधी बघणार?"

या मुलीबद्दल मी आधीपासून ऐकत आलो होतो. पाच वर्षांचीही नव्हती आणि शंभरापर्यंत न अडखळता मोजायची. आता मधेच थांबते, शब्द विसरते, कोपऱ्यात बसून राहते, असं ताई सांगत होती. डॉक्टरांनी बजावलं होतं की शिसं कुठून येतंय ते सापडून थांबलं नाही, तर औषध देऊन उपयोग नाही. ताईला तेच हवं होतं. ते कुठून येतंय ते मी शोधून द्यावं.

मी गेलो तेव्हा अंगणवाडीच्या ओट्यावर बायका जाळी पसरून बसल्या होत्या. वस्तीत सावलीची आणि सपाट जागा तेवढीच. शिसं मोजायचं पिस्तुलासारखं यंत्र घेऊन मी ते भिंतीला टेकवू लागलो, तशी एक म्हातारी म्हणाली, "भिंतीला ताप आलाय व्हय, सायेब?"

"कोरोनात आपल्या कपाळाला लावत हुते तसलंच की गं हे," दुसरी म्हणाली. "बघा, निघाला ताप तर इंजेक्शन आमाला नको, भिंतीलाच द्या."

"हसा," ताई म्हणाली. "तुमच्याच पोरांसाठी आलाय माझा भाऊ."

भिंतींत फारसं काही निघालं नाही. खिडक्यांच्या हिरव्या रंगात थोडं होतं, पण रंग कुठे सुटलेला नव्हता. फरशीवरची धूळ मी ओल्या कागदाने टिपून पाकिटात बंद केली. ताई माझ्यामागून चालत होती. एकेका भिंतीपाशी ती आधी सुटकेचा श्वास सोडायची आणि मग जास्तच काळजीत पडायची. भिंत नाही, तर मग काय?

"घरी असंल," ती म्हणाली. "चल, त्या पोरीच्या घरी जाऊ, समोरच हाय."

ती मुलगी दाराशीच बसली होती. हडकुळी, पांढुरकी. गळ्यात मण्यांची लांब माळ होती, दहा मणी लाल, दहा पांढरे, पुन्हा दहा लाल. शाळेत मोजणी शिकवायला असते तशी मणीमाळ. मला बघून ती हळूहळू मोजू लागली. एक म्हणायची आणि मणी दातांत धरायची, सोडायची. दोन म्हणायची, पुढचा मणी दातांत. जिथे दात लागत होते तिथला रंग गेला होता आणि खाली करडं दिसत होतं.

मी वळून अंगणवाडीच्या ओट्याकडे पाहिलं. मघाची म्हातारी जाळ्याच्या कडेला वजनाची गोळी बसवत होती. दोरी गोळीच्या चिरेत घातली, गोळी दातांखाली दाबली, चीर मिटली, पुढची घेतली. वस्तीतल्या सगळ्या बाया गोळ्या अशाच बसवतात. ते रोज बघून पोरांनी ठरवून टाकलं होतं, की गोळ्या मोजायच्या म्हणजे एकेक दातांत धरायची.

"ताई, ही माळ कशाची?"

"मी केली," ती म्हणाली. तिच्या आवाजात अजून आनंद होता. "प्लॅस्टिकची तुटली, दुसरी आलीच न्हाय. म्हटलं, ह्यांच्याच जाळ्याच्या गोळ्या घ्याव्या. फुटत न्हायत, घरंगळत न्हायत, पोरांच्या वळखीच्या. टाकाऊतून टिकाऊच्या प्रदर्शनात पयला नंबर…"

ती तिथेच थांबली. जाळ्याच्या गोळ्या शिशाच्याच असतात. यंत्र लावायची गरज नव्हती, तरी लावलं. आकडा तिने माझ्याआधी वाचला.

तिने मुलीच्या गळ्यातून माळ काढून घेतली. मुलगी रडली नाही. रिकाम्या गळ्यावरून हात फिरवत राहिली.

परत ओट्यापाशी येऊन मी बायकांना समजावलं, की गोळी दातांनी दाबू नका, शिसं घरात वितळवू नका, हात धुऊनच भाकरीला लावा. म्हातारी म्हणाली, "आमच्या आज्यापासनं दाबतोय, मेलो का आमी? आन् जाळं बुडायला मग काय, तुमचा अहवाल बांधू?" या वेळी कुणी हसलं नाही. मुलीची आई त्यांच्यातच होती. तिने तोंडातली गोळी पदरात थुंकली आणि पदराकडे बघत बसली.

सगळ्या मुलांचं रक्त तपासलं गेलं. बऱ्याच जणांत थोडंफार निघालं. त्या मुलीत सर्वांत जास्त होतं, कारण माळ सर्वांत जास्त तिच्याकडे असायची. हुशार म्हणून ताईच तिला घरी न्यायला द्यायची.

अहवाल लिहिताना ताई माझ्या शेजारी बसली होती. "माळ खोलीत सापडली असं लिहू नको," ती म्हणाली. "सेविकेनं केली असं लिही. न्हायतर उद्या दुसरी कुणीतरी करंल." मी तसंच लिहिलं. चौकशी झाली, ताईची बदली दूरच्या गावी झाली. त्या अहवालाचं तिने कधी वाईट वाटून घेतलं नाही. रविवारी मात्र ती एसटीने वस्तीवर जायची, मुलीला चिंचोक्यांवर मोजायला शिकवायला. मुलीचं पोट दुखायचं थांबलं होतं, चेहऱ्यावर रंग परत आला होता. डॉक्टर म्हणाले होते, गेलेलं सगळंच परत येतं असं नाही. ताईने ते ऐकलं आणि रविवार चुकवला नाही, छातीचं दुखणं सुरू झाल्यावरही नाही.

तिच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे गेल्यानंतरच्या स्मरणाच्या कार्यक्रमाला, आमच्या घरी ती मुलगी आईबरोबर आली. आता शाळेत जाते, आईच्या सांगण्यावरून दुसऱ्यांदा त्याच वर्गात बसली आहे. बुद्धवंदना झाल्यावर लोक पांगले. मी ताईचा चिंचोक्यांचा डबा तिच्यापुढे ठेवला. ती माझ्या तळहातावर एकेक ठेवत गेली. एक, दोन, तीन. बाराव्या चिंचोक्याशी हात थांबला. ती माझ्या तोंडाकडे पाहू लागली.

तेरा हा शब्द माझ्या ओठांवर आला होता.

"सांगू नका," तिची आई हळूच म्हणाली. "बाई सांगत नव्हत्या. थांबायच्या."

मग आम्ही थांबलो. मुलगी हातातल्या चिंचोक्याकडे बघत होती, आणि आम्ही दोघं तिच्याकडे.