गप्प राहण्याचं बटण

आमच्याकडे होडी सुटताना ‘कुठे’ हा शब्द कोणी तोंडातून काढत नाही. विचारायचंच असेल तर ‘लांब जाताय का’ असं विचारायचं. लग्न होऊन काशीदजवळच्या या गावात आले आणि पहिल्याच आठवड्यात किनाऱ्यावर सगळ्यांदेखत मी नवऱ्याला ‘अहो, कुठे निघालात?’ विचारून बसले. हे होडीतून उतरले आणि मुकाट घरी आले. त्या दिवशी होडी गेलीच नाही. मी शाळेत शिकवते, प्रश्न विचारणं हा माझा धंदा. पण हा एक प्रश्न मी पुढे वीस वर्षं गिळला.

गेल्या माघात धुक्यातून एक मालवाहू जहाज आमच्या होडीला जवळजवळ खेटून गेलं. जाळं तुटलं, माणसं वाचली. यांनी घरी फक्त जाळ्याचं सांगितलं. बाकीचं मला आमच्या खलाशाच्या बायकोकडून नळावर कळलं. रडण्याच्या आधी मला राग आला. दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी जाहीर केलं, की होडीवर रेडिओ आणि जहाजांना आपण दिसू असं यंत्र बसवल्याशिवाय पुढचा हंगाम सुरू होणार नाही.

शाळेला सुट्टी लागली तशी रेवसहून लाँच पकडून आम्ही भाऊच्या धक्क्याला गेलो. तिथल्या दुकानात यांना हातात मावणारा रेडिओ आवडला, कारण तो पाण्यात पडला तरी तरंगतो. दुकानदार म्हणाला, तो जवळच्या जवळ चालतो. केबिनमध्ये पक्का बसवायचा असतो तो ताकदीचा, आणि त्याची अँटेना जितकी उंच तितकं बोलणं लांब जातं. यांच्या मते आपला आवाज मुळातच मोठा आहे. तो किनाऱ्यावर मला ऐकू येतो, जहाजाच्या कप्तानाला येत नाही, असं म्हणून मी पक्का रेडिओ बाजूला ठेवायला लावला.

मग दुकानदाराने साधंच विचारलं, तुम्ही मासेमारी कुठे करता?

“समुद्रात,” हे म्हणाले.

किती आत? बऱ्यापैकी. कोणत्या बाजूला? वारा असेल तशी. दुकानदार बिचारा माझ्याकडे बघायला लागला. ताकाला जाऊन भांडं लपवणं कशाला म्हणतात ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. त्यामागचं कारण मला माहीत होतं. दोन डोंगरांची टोकं एका रेषेत धरून सासऱ्यांनी यांना पाण्याखालच्या खडकाळ खडपाची, हमखास मासळी मिळणारी एक जागा दाखवली होती. ती गावात कोणाला ठाऊक नाही, आणि मलाही नव्हती.

यंत्रं दोन तऱ्हेची होती. एक नुसतं आजूबाजूची जहाजं दाखवणारं, दुसरं आपलीही जागा सगळ्यांना सांगणारं. हे लगेच पहिल्यावर बोट ठेवून मोकळे झाले. दुसरं बसवलं तर फोनवर आपली जागा बघून सगळा गाव मागे येईल, म्हणाले. मी दुकानदारासमोरच म्हटलं, “गावाला दिसू नका, मलाही दिसू नका. पण त्या जहाजाला दिसा.”

हे अँटेनाच्या वायरीशी चाळा करायला लागले. दुकानदाराने मग सावकाश सांगितलं, की दुसऱ्या यंत्राला गप्प राहण्याचं बटण असतं. दाबलं की ते नुसतं ऐकतं, सांगत नाही. यांचा चेहरा असा खुलला, की दुकानदारही हसला. “मंग ह्येच द्या,” म्हणाले. येताना लाँचवर आम्ही भजी खाल्ली आणि मी मनात म्हटलं, आता हे बटण जन्मभर दाबलेलंच राहणार.

परवाने, अर्ज, वायरी हे सगळं नारळी पौर्णिमेच्या आत उरकलं. पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला आणि दुसऱ्या दिवशी होडी निघाली. मी मधल्या सुट्टीत फोनवरचा नकाशा उघडला. आमचा ठिपका किनारा सोडून चालला होता, आता विझेल, मग विझेल म्हणून मी बघत होते. घंटा झाली. मी वर्गात जाऊन मुलांना गणितं घातली आणि पुन्हा बघितलं. ठिपका थांबला होता आणि तसाच दिसत होता. सासऱ्यांची जागा माझ्या तळहातावर होती. मुलांसमोर मला एकटीलाच हसू फुटलं.

हे परत आले तेव्हा टोपलीत पापलेटं चांगली होती. मी विळी घेऊन पापलेटं साफ करायला बसले, आणि बटण बिघडलं का, असं अगदी सहज विचारलं.

“न्हाय, चालतंय,” हे पाय धूत म्हणाले. “दाबणारच व्हतो. मंग वाटलं, तू बघत असशील.”