मोहाखाली बसू नुको

सूर्यमाळजवळच्या पाड्यावर कोंडीच्या घरातून मुकाट्याने बाहेर पडायची कोणाची टाप नव्हती. उंबऱ्यात पाय पडला रे पडला की आतून कोंडीची हाक यायचीच, “मोहाखाली बसू नुको!” आणि जाणाऱ्याने म्हणायचं, “लगीन लागल्याव येतो.” एवढं झालं की माणूस सुटला. मग तो शेतावर जावो, बाजाराला जावो, नाहीतर दिवाळीनंतर वीटभट्टीवर जावो.

नव्या माणसाला वाटायचं, या घराचं डोकं फिरलंय. तसं काही नव्हतं. कोंडीचा सासरा देवजी पुतणीच्या लग्नात धवलेरीला आणायला निघाला होता. धवलेरी म्हणजे गाणी म्हणून लग्न लावणारी बाई, ती नसेल तर मांडव नुसता उभा. आदल्या रात्रीचं जागरण, वर ऊन. वाटेत मोहाच्या सावलीत देवजी जरा टेकला तो टेकलाच. धवलेरी वाट बघून बघून आपल्या पायांनी आली, लग्न लावलं, मंडळी जेवून पांगली, आणि मग हा पठ्ठ्या डोळे चोळत हजर! जन्मभर त्याची थट्टा झाली. तो गेला, पण बोलणं घरात राहिलं. त्याचा मुलगा लहान्या, म्हणजे कोंडीचा नवरा, तर इतक्या झोकात उत्तर द्यायचा की शेजारची गोजाबाई कुडाआडून हसायची.

आता लहान्याही नाही. उन्हाळ्यात पाड्यावरची विहीर तळाला गेली, तसा शिक्षक असलेला लेक रोहिदास आईला जव्हारला आपल्या घरी घेऊन आला. सून सुनिता जामसरची, भली पोर. नळाला पाणी होतं, पंखा होता, दोन वेळा गरम जेवण होतं. आणि कोंडीला करमत नव्हतं.

पहिल्याच सकाळी रोहिदासने शाळेला जायला मोटरसायकल काढली आणि कोंडीने सवयीने हाक दिली, “मोहाखाली बसू नुको!”

“येतो आई,” म्हणून तो गेला.

येतो आई! हे काय उत्तर झालं? ती रोज हाक द्यायची, तो रोज तेच म्हणायचा, आणि मान वळवून बघायचासुद्धा नाही. सुनिताला कीव आली. एकदा बाजाराला जाताना तीच म्हणाली, “आई, लगीन लागल्यावर येते हं.” कोंडी हसली, पण ते हसणं वरवरचं होतं. सुनिताने ते ऐकून उचललं होतं. रोहिदास त्यात वाढला होता. या जगात ते बोलणं रक्तातून जाणणारा आता तो एकटाच उरला होता, आणि त्यालाच लाज वाटत होती. निदान कोंडीने तसं धरलं होतं. शिकला, शहाणा झाला, आईबापाची बोली अंगावरून झटकून टाकली! भरल्या घरात तिला इतकं एकटं वाटायचं की ती भिंतीकडे तोंड करून बसायची.

शेवटी तिने गाठोडं बांधलं. “पाणी नसलं तरी चालंल, मी माझ्या घरी जाते.”

रोहिदासने समजावलं, पण ती कसली ऐकते! तो तिला जीपच्या स्टँडवर घेऊन आला. जीप भरायला वेळ होता. दोघं मागच्या बाकावर बसून राहिली. आज जाणारी कोंडी होती, म्हणजे हाक द्यायची पाळी त्याची. तो खाली बघत बसला.

कोंडीला राहवलं नाही. “इतकी लाज वाटते रे आमच्या बोलण्याची?”

रोहिदास तिच्याकडे वळला. मग म्हणाला, “आये, बाला नाशिकच्या दवाखान्यात नेला तेव्हा तू उंबऱ्यात होतीस.”

होतीच. लहान्याच्या छातीत कळा येत होत्या, गाय व्यायला झाली होती, म्हणून कोंडी मागे राहिली. तिने हाक दिली होती, आणि जीपमधून लहान्याने उत्तरही दिलं होतं, नेहमीच्या झोकात.

“त्याचं डोकं माझ्या मांडीव होतं,” रोहिदास म्हणाला. “घाट लागल्यापासून तो एकच विचारत होता. लगीन लागलं का रे? लागलं का? त्याला घरी यायचं होतं, आये.”

कोंडीचा हात गाठोड्यावरच राहिला. “मग तू काय सांगितलंस?”

“लागलं म्हणालो. सगळी जेवली, चल आता घरी. तेव्हा तो गप झाला तो झालाच.”

रोज सकाळी दारात उभं राहून आपण या पोराला परत त्याच जीपमध्ये बसवत होतो, हे कोंडीला तेव्हा कळलं. आणि त्याने एकदाही तिला गप्प बस म्हटलं नव्हतं.

“नाय बोलणार मी आता,” ती म्हणाली, आणि जीप निघेपर्यंत त्याचा हात धरून बसली.