मधेच तोडणारी बटणं

आमच्या ह्यांना सगळा बाजार 'भोंगा' म्हणायचा. फळांच्या घाऊक बाजारात लिलाव पुकारायचं काम. पहिल्या पेटीपासून शेवटच्या पेटीपर्यंत ह्यांचा आवाज पत्र्याच्या छपराखाली घुमत असायचा. घरी आले की तोच आवाज माझ्या वाट्याला. मी वाक्य सुरू करायचं आणि ह्यांनी ते मधेच तोडायचं, असा आमचा संसार. "अहो, मला पुरं तरी बोलू द्या!" एवढंसुद्धा मला कधी पुरं बोलता आलं नाही.

मग घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला.

लेकीने लॅपटॉप आणून दिला. आपण टाइप करायचं, यंत्र मोठ्याने वाचून दाखवतं. सोय झकास, पण त्या कॉम्प्युटरची सिस्टिम म्हणजे डोक्याला नुसता ताप! हे दोन शब्द लिहितात न लिहितात तोच कोपऱ्यातून एखादी चौकट टपकायची, आणि यंत्र ह्यांचं वाक्य सोडून तीच वाचायला लागायचं. एकदा डॉक्टरांसमोर "मला झोपताना फार" एवढं झालं आणि पुढे यंत्र म्हणालं, "नवीन अपडेट आलं आहे." डॉक्टर हसले. मीही हसले. हे हसले नाहीत.

त्यानंतर हळूहळू लॅपटॉप उघडणंच थांबलं. मान हलवायची, बोट दाखवायचं, संपलं.

आमच्याकडे एक गोष्ट आहे. लिलावाच्या भरात ह्यांनी एकदा मालकाची काठीच विकून टाकली होती. मी ती सांगताना नेहमी छत्री म्हणते, आणि "छत्री नव्हे, काठी!" म्हणून हे नेहमी ओरडायचे. परवा नणंद आली, तेव्हा मी मुद्दाम चुका पेरल्या. छत्री म्हटलं, मालकाच्या जागी मालकाचा मेहुणा घातला, वर छत्री लाल होती असंही ठोकून दिलं. म्हटलं, आता तरी चिडतील. हे खिडकीबाहेर बघत बसले. नणंद गेल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन ढसाढसा रडले. ज्या खोडीवर जन्मभर करवादले, तीच मला परत हवी होती.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप पिशवीत घातला आणि कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्या बाईकडे गेले. चाळिशीची, केसांच्या अंबाड्यात स्क्रू-ड्रायव्हर खोचलेला. तिने पिशवी परत माझ्याच हातात दिली. "काकू, मीच घरी येते. वापरणारा माणूस बघितल्याशिवाय मी यंत्राला हात लावत नाही."

आली आणि स्टूल ओढून ह्यांच्या मागे बसली. "हं, रोजच्यासारखं बोला."

मी विचारलं, "जेवायला काय करू?" हे टाइप करू लागले. मी हातातलं निवडण बाजूला ठेवलं आणि ह्यांच्याकडे बघत गप्प बसले. आमच्या घरात सगळे असंच करतात. ह्यांची बोटं हलायला लागली की टीव्ही बंद, पाहुणे चिडीचूप. अर्धं वाक्य झालं आणि पडदा काळा झाला. यंत्र स्वतःच्या मनाने बंद होऊन पुन्हा सुरू होत होतं. ह्यांनी दोन्ही हात वर केले आणि खुर्चीत मागे टेकले.

"अगं बाई, हे तर तुमच्या डोक्यावरच बसलंय," ती म्हणाली आणि कामाला लागली. आपोआप उघडणारे प्रोग्रॅम काढून टाकले. कोपऱ्यातल्या चौकटींचं तोंड बंद केलं. अपडेट ह्यांच्या दुपारच्या झोपेच्या वेळेला बांधून टाकलं. अक्षरं ठसठशीत केली, आणि लॅपटॉप उघडला की थेट लिहायची पाटीच समोर येईल असं केलं. आता यंत्र फक्त ह्यांनी लिहिलेलंच वाचणार होतं. माझा जीव अर्धा भांड्यात पडला.

पण हे काहीतरी लिहू लागले होते. मी सवयीने गप्प बसले. यंत्र म्हणालं, "बघा, बसली गप्प. मी लिहायला लागलो की सगळेच बसतात. तोंडी परीक्षा दिल्यासारखं वाटतं. मला उत्तरं द्यायची नसतात हो. मला मधे बोलायचं असतं."

मी कपाळाला हात लावला. इतके दिवस मला वाटत होतं, मी मान देतेय!

"मग मधे बोलायचीच सोय करू," बाई म्हणाली. "वरच्या ओळीतली बटणं रिकामीच आहेत. एक बटण दाबलं की एक अख्खं वाक्य. काय काय घालू, सांगा काका."

मला चहा टाकायला पिटाळण्यात आलं. परत आले तर वरच्या बटणांवर रंगीत कागदाचे तुकडे चिकटवलेले, आणि हे अगदी साळसूद चेहरा करून बसलेले. बाईने कप घेतला आणि विचारलं, "बाजारात काका मोठी असामी होते म्हणे?"

"असामी कसली! एकदा लिलावाच्या भरात ह्यांनी मालकाची छत्री..."

"चूक!"

मी दचकले. चहा बशीत सांडला.

"अहो पण छत्रीच..."

"साफ चूक!"

"मला पुरं तरी बोलू..."

"काठी. काठी. काठी."

आवाज फोनवर ताटकळत ठेवणाऱ्या बाईसारखा, कोरडा ठणठणीत. पण मधे घुसायची वेळ अगदी ह्यांची. आणि त्या एका शब्दासाठी ह्यांनी अख्खं बटण राखून ठेवलं होतं! म्हणजे नणंद आली त्या दिवशी खिडकीबाहेर बघत माझा शब्द न् शब्द ऐकत होते तर.

मला रडूही आलं आणि हसूही. ह्यांचं बोट अजून त्या बटणावरच होतं, नजर माझ्यावर, भुवया वर.

मी पदराने डोळे पुसले, घसा साफ केला आणि गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतली. छत्रीच म्हटलं.