आमच्या डीपीवरचे सोळा ऑटोस्विच

मी कुरुंदा सोडलं तेव्हा माझ्या शर्टावर नामदेवमामाचं रक्त होतं. बाबांनी फाट्यावर उभ्या काळीपिवळी जीपमध्ये मला मानेला धरून कोंबलं, वरून दोन थोबाडीत हाणल्या आणि म्हणाले, "नामदेव जगला तरच तोंड दाखव. मेला तर तिकडंच मर." आईला भेटूसुद्धा दिलं न्हाई. गावकऱ्यांनो, तुमच्यातलं कोणी पुण्याला गेलं, कोणी हैदराबादला, सगळे कपाळाला कुंकू लावून गेलात. मी असा गेलो.

नामदेवमामा आपल्या गावचा वायरमन. सख्खा मामा न्हाई, पण सगळं गाव मामाच म्हणायचं. दोन हजारनंतरची भारनियमनाची ती सालं आठवा. कागदावर आठ तास लाईन, शिवारात दोन तासही न्हाई. घरोघर टीव्ही आले, फ्रीज आले, बोअर खोल गेले, मोटारी मोठ्या झाल्या, वीज मात्र तेवढीच. हळद पाण्यावाचून करपून राहिली होती. मी आयटीआय करून आलेला दीडशहाणा. मी गावाला ऑटोस्विच दाखवला. मोटारीच्या पेटीत एक डबी बसवायची, लाईन आली की मोटार आपोआप उठते, रानात ताटकळत बसायला नको. आपल्या डीपीवरच्या, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवरच्या, सोळा मोटारींना सोळा ऑटो मीच बसवले. लोकांनी मला डोक्यावर घेतलं.

मामा तेवढा ओरडायचा. "अरे येड्यांनो, लाईन येताच सोळा मोटारी एकदम उठतात, डीपी कशी टिकंल? ऑटो काढा, पाळीनं चालवा." आम्ही फिदीफिदी हसलो. पाळी कोण बघतं? ज्याची मोटार आधी उठंल त्याचं पाणी.

डीपी जळाली. एका महिन्यात तिसऱ्यांदा. भर दुपारी धडाम झालं आणि जळक्या तेलाचा वास शिवारभर पसरला. मामा सायकलवर आला तर लोकांनी त्याला सायकलसकट खाली पाडलं. कोणीतरी बोंब ठोकली, "यानंच जाळली! शेजारच्या गावाला लाईन द्यायची म्हणून!" मामानं माझ्याकडं बघितलं. "बालाजी, तू तरी सांग की रे यांना." डीपी कशानं जळाली ते त्या गर्दीत दोघांनाच कळत होतं, त्याला आणि मला. तो बोलला असता तर लोक माझ्यावर उलटले असते. म्हणून पहिला वार मी केला. हातात मोटारीचा मोठा पाना होता, तो त्याच्या तोंडावर घातला. मग बाकीचे तुटून पडले. खांबाला बांधून ढोरासारखं मारलं. त्याचा उजवा हात कोपरातून मोडला तो कडकन आवाज मी ऐकला, आणि तरी थांबलो न्हाई. असला हरामखोर मी.

मी पोचलो साताऱ्याकडच्या पठारावर, पवनचक्क्यांच्या साईटवर. तिथले इंजिनिअर साहेब जेवताना सांगायचे, "सगळ्यांना वीज वाढवून हवी, आणि नुसता कोळसा जाळत राहिलो तर धुरानं पाऊसपाण्याचा सत्यानाश. बिनधुराची वीज काढावीच लागेल." मला पटलं. जीव तोडून काम केलं. आषाढात पाती अशी घोंघावायची की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नसे. पण हिवाळ्यात वारं पडायचं, पाती ठप्प. नेमकं तेव्हाच तुमच्या हळदीला पाणी लागतं. साहेबांना विचारलं तर म्हणाले, "वारा काय तुझा नोकर आहे? असेल तेव्हा भरपूर घ्यायची, नसेल तेव्हा पाळी लावायची." पाळी! हा शब्द ज्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला, ते तोंड मी फोडून आलो होतो.

हाणामारी तिथंही होतीच. रस्ता पाडायला ठेकेदारानं न विचारता उभ्या ज्वारीत डंपर घातले. दुसऱ्या दिवशी गावच्या गाव काठ्या-कुऱ्हाडी घेऊन वर चढलं. माझ्याच वयाच्या एकानं पहार घालून माझ्या खांद्याचं हाड मोडलं. "चोरांनो, वारा आमचा आन् दिवे तुमचे!" धूर नव्हता, पण रक्त सांडलंच. खोटं कशाला बोलू, हाड मोडलं तेव्हा मला बरं वाटलं.

खांदा बांधलेला असतानाच आईचा फोन आला. "नामदेव बरा झाला रे. पोलिसात तुझं नाव घेतलं न्हाई त्यानं. ये आता, लेकरा." तरी मी चार वर्षं गेलो न्हाई. त्यानं नाव घेतलं असतं तर सोपं झालं असतं.

गेलो ते सरळ मामाच्या दारात. हात वाकडा, एक डोळा गेलेला. मामी पाणीही न देता आत निघून गेली. मी पाय धरले, सगळं कबूल केलं.

"मला तवाच ठाऊक होतं," मामा म्हणाला.

"मग नाव काहून न्हाई घेतलं?"

"तुला जेलात घालून मला काय भेटलं असतं? नव्या डीपीवर तेच सोळा ऑटो हायेत. मला तर आता पेचकस धरता येत न्हाई. माफीबिफी ठेव तुझ्यापाशी. गावाला खरं सांग आन् काढ ते."

पारावर मी खरं सांगितलं. तुम्ही आईबहिणीवरून शिव्या दिल्या. मी पाना घेऊन शिवारात शिरलो. अकरा पेट्या उघडून अकरा ऑटो काढले. बाराव्या पेटीपाशी चुलत्यानं फावड्याचा दांडा घातला, मग तुम्ही सगळेच आलात. "पवनचक्कीवाला आला मोठा! आमाला पाळी शिकवून राहिला!" माझे तीन दात पडले, बरगडी मोडली. बाबा बांधावर उभे राहून बघत होते, मध्ये पडले न्हाईत. त्याचा राग मला आजही येतो.

दुसऱ्या दिवशी लाईन आली. पाच मोटारी आपोआप उठल्या, बाकीच्या तुम्ही हातानं एकेक करून चालू केल्या. डीपी टिकली. महिनाभर टिकली, तेव्हा उरलेले पाच ऑटो तुम्हीच काढून फेकले. आता गावात म्हणतात, बालाजीनं डोळे उघडले. खबरदार असं म्हणाल तर! एवढंच मामा सांगून राहिला होता, आणि आपण त्याला खांबाला बांधलं.

मी परत पठारावर आलो. इथं खोली आहे, पगार आहे, सगळं आहे. इकडच्यांनी मला मारलं तेव्हा त्यांना माझं नाव ठाऊक नव्हतं. तुम्ही 'बालाज्या' म्हणत मारलं, म्हणून गाव माझं तेच. पण सणाला येतो तेव्हा मामा वाकड्या हातानं भाकर मोडताना दिसतो, आणि दोन दिवसांच्या वर माझ्यानं राहवत न्हाई.