उतरायची घाई

शिफ्टच्या बसची वाट बघत आकुर्डीच्या चौकात उभा होतो, तेव्हा वहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे उठेनात हो..." एवढंच बोलल्या. पुनावळ्याला पोचेस्तोवर सगळं संपलं होतं. दत्ता, आमचा कॅप्टन, चाकणच्या शिवारात माझ्याबरोबर गुरांमागं हिंडलेला गडी, झोपेतच गेला. महिना उलटून गेला, पण माझं डोकं अजून शांत होत नाही. डॉक्टर म्हणतात, हृदयविकार. असेल. मी म्हणतो, त्याला थोरल्या भावाच्या अबोल्यानं खाल्लं.

कंपन्या आल्या, जमिनी गेल्या, तेव्हा आम्ही सगळी पोरं गेटवर नोकऱ्या मागायला उभी राहिलो. दत्ताच्या वडिलांनी मात्र धाकट्याला विमान शिकायला धाडलं. गाव हसलं. "नांगर धरता येईना, इमान धरतोय!" पुढं तो खरंच वैमानिक झाला, तेव्हा तीच माणसं आभाळात घरघर ऐकली की "आपला दत्त्या चालला" म्हणायला लागली. म्हातारा तर बाजेवरून उठून बघायचा.

मग ती वळवाची संध्याकाळ आली. म्हातारा शेवटच्या घटका मोजत होता आणि सारखा विचारत होता, "दत्त्या आला का?" दत्ता ड्यूटीवर होता, पण त्याचंच विमान पुण्याला येत होतं. वहिनींनी दुपारी त्याच्या फोनवर निरोप ठेवला होता. तो मिळाला की नाही, हे त्यानं आमच्यापैकी कधी कुणाला सांगितलं नाही. इकडं वाऱ्यानं पत्रे उडत होते, विजा कडाडत होत्या. त्याच्या पुढचं विमान कसंबसं उतरलं. दत्तानं एकदा खाली येऊन बघितलं, परत वर गेला, आणि विमान हैदराबादला वळवलं. म्हातारा त्याच रात्री गेला. दत्ता घरी पोचला तेव्हा तिरडी बांधून झाली होती. थोरला भाऊ, आप्पा, सगळ्यांदेखत म्हणाला, "म्होरचं इमान उतरलं. तुलाच काय झालं हुतं? बापाच्या तोंडात थेंबभर पाणी घालाया आला न्हाईस." त्यानंतर भाऊ भावाशी बोलला नाही.

मी एकदा वैतागून दत्ताला म्हटलं, "अरे राव, समजावून सांग की आप्पाला." तर म्हणाला, "पुढचा उतरला म्हणजे वाट मोकळी, असं नसतं रे. वळवाचा वारा घटकेत फिरतो. आणि निर्णय माझा होता, विमान माझ्या हातात होतं... कुणावर ढकलू?" मग हेच सांग, म्हटलं. "सांगितल्यावर बाप पाणी प्यायला परत येणार आहे का?"

दत्ताच्या तेराव्याला गावच्या घरी सांगवीची एक मुलगी आली. आता तीही कॅप्टन आहे. त्या संध्याकाळी ती दत्ताच्या शेजारी सहवैमानिक म्हणून बसली होती. आप्पासमोर बसून ती म्हणाली, "काका, मीच सरांना म्हणाले होते, पुढचं उतरलंय, अजून एकदा बघू या. ते म्हणाले, 'वडील शेवटच्या घटका मोजताहेत गं. मला आज उतरायची फार घाई आहे, म्हणून माझ्या मनावर भरवसा नको. इंधन आहे तोवर निघू या.' काका, त्या दिवशी आम्ही सगळे सरांमुळं वाचलो असू."

मला वाटलं, सुटला दत्ता. मेल्यावर का होईना, सुटला.

आप्पानं मान वर करून तिच्याकडं बघितलं. मग म्हणाला, "म्हंजी त्याला ठावं हुतं?"

"हो काका."

"मला वाटायचं, निरोपच पोचला नसंल... भांडलो, बोललो न्हाई, पर आतून तेवढ्या एका आशेवर हुतो." त्यानं उपरण्यानं तोंड पुसलं. "बाप जातुया हे ठावं आसून फिरला व्हय."

पोरगी रडायला लागली. मीही आप्पाला काही समजावू शकलो नाही. त्या विमानातली माणसं आपापल्या घरी सुखात असतील. त्यांच्यातलं कुणी येऊन आप्पाला सांगेल, असं कसं होणार...

तेराव्याच्या सकाळी, ती मुलगी यायच्या आधी, आप्पानं स्वतः स्टुलावर चढून बापाच्या फोटोशेजारी दत्तासाठी खिळा ठोकला होता. परवा गावी जाऊन आलो. दत्ताचा फोटो वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटावर टाकलाय, आणि त्या खिळ्याला आप्पाची पिशवी लटकतेय.