चंद्राबाईंचा गोठा

चंद्राबाई रागावल्या की नवऱ्याशी बोलत नसत, म्हशीशी बोलत. नवरा मात्र ऐकू येईल एवढ्या अंतरावर असावा लागे.

आष्ट्याच्या शाळेत नोकरीला असताना मी त्यांच्या सोप्याशेजारच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. मधे कुडाची भिंत. त्यामुळे त्या घरातलं भांडण मला मुद्दाम ऐकावं लागलं नाही.

चंद्राबाईंचे यजमान नानासो पलटणीतून हवालदार होऊन पेन्शनीवर आले, ते बहात्तरच्या दुष्काळानंतर. माणूस सरळ, पण नुसतं बसणं जमत नसे. त्या वर्षांत पारावर बसलेला प्रत्येक जण जोडधंद्याचंच बोलायचा. सांगलीच्या एका पिल्लं विकणाऱ्यानं नानासोंना सांगितलं, "हवालदार, कोंबडी दाणे खाते, अंडी देते. तुम्ही अंड्यांखाली नुसती बुट्टी धरायची."

बुट्टी धरायला जागा हवी होती, आणि घरात जागा एकच होती. गोठा. तिथं चांदी बांधलेली असे. कपाळावर पांढरा ठिपका असलेली ही म्हैस चंद्राबाईंना त्यांच्या भावानं लहान रेडी असताना दिली होती. तिच्या दुधावर घरातला वरचा खर्च चाले आणि त्याचा हिशेब चंद्राबाई कुणाला देत नसत.

त्या माहेराहून परतल्या तेव्हा गोठ्याला जाळी लागली होती, आत पांढरी पिल्लं चिवचिवत होती आणि चांदी बाहेर बाभळीखाली उन्हात उभी होती.

"चांदे," त्या म्हणाल्या, "तुझ्या मालकास्नी इचार, बाईला इचारायला जीभ झडली हुती का?"

"अगं, लय सोपं काम हाय," नानासो म्हणाले. "बसून पैसा."

"बसून तर रोजच आसत्यात, चांदे. पैसा कवा दिसला गं?"

माझ्या एक लक्षात आलं होतं. राग जितका चढे तितका चंद्राबाई नवऱ्याला जास्त मान देत. 'मालकास्नी' ऐकलं की मी खोलीचं दार लोटून घेत असे.

पिल्लं वाढली, तसे निम्म्याहून जास्त कोंबडेच निघाले. अंडी देणार कोण? खाद्याची पोती मात्र येतच राहिली. सांगलीचा माणूस म्हणाला, "मग जत्रा आहे की! नवसाला प्रत्येकाला कोंबडा लागतो." नानासोंना ते पटलं.

आमच्या शिवेवरच्या देवीला नवसाचा कोंबडा तांबडाच लागतो. हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल.

"चांदे, पांढरा कोंबडा देवीला कोण दील गं?"

"देवीला रंग कळतो व्हय?" नानासो जोरात म्हणाले. हेही वाक्य सांगलीचंच होतं.

जत्रेच्या दिवशी ते दोन डालगी भरून देवळापाशी बसले. लोक येत, बघत आणि पुढे जात. त्यांचा बालमित्र ज्योतिबा तांबडा कोंबडा काखेत मारून त्यांच्यासमोरूनच गेला. "हवालदार, चुना लावून आणल्यात काय रं?" संध्याकाळी दोन्ही डालगी तशीच घरी आली.

आता खाद्य आणायचं तर काहीतरी विकणं भाग होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गुरांचा दलाल गुंडा हातात नवं दावं घेऊन दारात उभा राहिला.

चंद्राबाई भाकरी थापत होत्या. तव्यावरची भाकरी तशीच टाकून पिठाच्या हातांनी त्या बाहेर आल्या. बाभळीचं दावं सोडलं, जाळीचं दार लाथेनं उघडलं आणि चांदीला आत नेऊन तिच्या जुन्या खुंट्याला बांधलं. कोंबडे ओरडत आढ्याला गेले. एक तर चांदीच्या पाठीवरच बसला.

"गुंडाभाऊ," दारात आडव्या उभ्या राहून त्या म्हणाल्या, "माझ्या भावानं दिल्याली म्हस हाय ही. न्यायची आसंल तर त्येला बोलवा. त्येच्या म्होरं दाव्याला हात लावा."

गुंडानं नानासोंकडे पाहिलं. "हे तू मला न्हाई सांगितलंस, गड्या. भणीला दिल्याली म्हस म्या नेत न्हाई. मला बी भणी हायत्या." आणि तो दावं गुंडाळून निघून गेला.

"मग कोंबड्यांचं काय करू?" नानासो अंगणाला विचारावं तसं म्हणाले.

"चांदे, सांग त्यास्नी. त्या सांगलीवाल्याला बुट्टी धराय सांगा."

पुढे कोंबडे वाटेल त्याला वाटून झाले. चंद्राबाईंचा राग मात्र गेला नाही. नानासोंना कोरा चहा मिळे, मला दुधाचा. मी तो पाठमोरा बसून पीत असे.

एके दिवशी नानासो कुणी न सांगता विळा घेऊन ओढ्याकडे गेले आणि गवताचा भारा घेऊन आले. घामाघूम झाले होते. चंद्राबाईंनी भारा सोडून उपसून पाहिला. मग कित्येक आठवड्यांत पहिल्यांदाच त्या म्हशीकडे न बघता नवऱ्याकडे बघून बोलल्या.

"ह्यात निम्मं काँग्रेस गवत हाय. म्हशीचं त्वांड सुजवायचं हाय का? जावा, दुसरं आणा."

हवालदार विळा उचलून पुन्हा ओढ्याकडे गेले.