वहिनींचा खोडवा

मला कचरा खपत नाही. लढाईचे दिवस होते, मी फॅक्टरीत लेथवर होतो. शिफ्ट संपली की मशीनखालचा लोखंडी कीस मिस्तरी यायच्या आधी स्वतः झाडायचो. तीच नजर घेऊन एका रविवारी मझौलीकडे वहिनींच्या वावरात गेलो अन् डोकंच फिरलं.

भाऊ वारल्यावर वहिनींना तेवढंच होतं, नदीकाठचं तीन एकर रेताड. त्यावर त्या कोणाच्या दारात न जाता एकट्या जगत होत्या. ऊस तोडला की बुडखे जमिनीतच ठेवायच्या, त्यांना पुन्हा फूट यायची. हा त्यांचा खोडवा. उसाची वाळकी पानं, पाचट, सरीत पसरून द्यायच्या.

"वहिनी, काहून हा कचरा ठेवला? फॅक्टरीत असं ठेवलं तर हाकलून देतील!"

"भाऊजी, रेती आहे ही. झाकली तर ओल धरते. मुळं आहेत म्हणून जागेवर आहे."

"तुम्ही मला शिकवून राहिल्या का?"

घरचा कर्ता मी. त्यांनी मान खाली घातली. मी माणसं लावून सगळे बुडखे खणले, पाचट पेटवलं, खोल नांगरट करून नव्या उसाच्या कांड्यांचं बेणं लावलं. पहिल्या वर्षी ऊस असा आला की मी वहिनींना बांधावर उभं करून म्हटलं, "बघा! आता तरी पटलं?" घरी आल्यावर आमच्या गोरखपुरात महिनाभर मिरवलो. गाढव लेकाचा मी.

दुसऱ्या वर्षीही तेच केलं. उघड्या रेतीत खत टिकेना, पाणी दिलं की खाली जिरून जायचं. ऊस बोटाएवढा. मी वहिनींवरच ओरडलो, "पाणी नीट देऊन नाही राहिल्या तुम्ही." तरी तिसऱ्यांदा नांगरलं. वैशाखाच्या वाऱ्यानं रेती उडाली, बेण्याचे डोळे उघडे पडून वाळले. वहिनी सरीत बसून दोन्ही हातांनी रेती ओढत होत्या, बेणं झाकत होत्या. मी हसलो. खरंच हसलो.

त्या वर्षी काहीच पिकलं नाही, वावर पडीक पडलं. मग त्या आमच्याकडे राहायला आल्या. स्वयंपाक त्यांच्याकडे, जेवायला शेवटी. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी सांगायचो, "आम्हीच यांना सांभाळून राहिलो." त्या ऐकायच्या अन् पोळ्या लाटायच्या.

त्यांनी एकच गोष्ट मागितली, परसातला मोरीजवळचा कोपरा. वावरातल्या विहिरीजवळचं एक बुडखं माझ्या नजरेतून सुटलं होतं, ते त्यांनी फडक्यात बांधून आणलं होतं. लावलं, भोवती पाला अन् भाजीची सालं पसरली. दुसऱ्या वर्षी तिथं पाच ऊस उभे होते, माझ्या डोक्याच्या वर. त्यांच्याकडे बघताना वहिनी गुणगुणायच्या. मला तेही खपायचं नाही.

तुळशीच्या लग्नाला मांडवासाठी ऊस हवे होते. मी ते पाचही तोडले. घरात पाहुणे येणार, म्हणून कोपराही साफ केला. बुडखं खणून पाल्यावर टाकलं अन् पेटवलं.

वहिनी सुपात सालं घेऊन बाहेर आल्या. जाळाकडे बघत उभ्या राहिल्या.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "माझ्या वावरातलं तेवढंच उरलं होतं हो."

"आज लग्न आहे तुळशीचं," मी म्हटलं, "दारात रडू नका." अन् राख झाडून घेतली.